शरदातले स्कोन : ज्वारी, लाल भोपळा आणि वर्गातला एक प्रश्न



या वेळचा पाठ थोडा वेगळा आहे. तो स्वयंपाकघरातून सुरू होतो, पण त्यात परिसर अभ्यास, गणित, भाषा आणि थोडं आरोग्यही आहे. आणि माझी स्वतःची एक चूकही आहे, ती मी लपवणार नाही.

माझी शाळा जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. मी तिसरीच्या वर्गाला शिकवतो. पट चोवीस. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्रजीच्या तासाला श्रवण सरावासाठी टीव्हीवर एक छोटी गोष्ट लावली होती. त्यात परदेशातली एक आजी पानगळीच्या दिवसांत नातवंडांसाठी स्कोन भाजते. गोष्ट संपल्यावर मुलांनी नेहमीप्रमाणे प्रश्नांचा भडिमार केला. "सर, स्कोन म्हणजे बिस्किट का पाव?" "सर, तो आपल्याकडं मिळतो का?" "सर, त्यात अंडं असतं का?" आणि मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "सर, त्यात गहू असतो का?"

हा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात कमी बोलते. कुणाचा वाढदिवस असला की बिस्किट घेते, म्हणते, "मला भूक नाही", आणि बिस्किट खिशात ठेवते. घरी नेऊन लहान भावाला देते. मला वाटायचं, भावावर माया आहे. खरं कारण वेगळं होतं. तिला सिलिअॅक हा आजार आहे. गहू तिला चालत नाही, अगदी चिमूटभरसुद्धा नाही. हे तिच्या आईने शाळाप्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं, पण "गहू बाधतो" एवढंच माझ्या डोक्यात राहिलं होतं. भात-खिचडी तर ती खाते, मग झालं, असं मी धरून चाललो होतो.

तिच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, "हो, स्कोनमध्ये गव्हाचा मैदा असतो." ती "बरं" म्हणाली आणि वहीत काहीतरी खरडत बसली. त्या "बरं" मुळे हा पाठ तयार झाला.

१) सिलिअॅक म्हणजे नेमकं काय?

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अगदी बारीक, बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. खाल्लेल्या अन्नातलं पोषण ते शोषून घेतात. गहू, जव (सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिअॅक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की त्याच्या शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाऊ दे, अंगाला लागत नाही.

लक्षणं प्रत्येकात सारखी नसतात. वारंवार जुलाब, पोट फुगणं, वजन आणि उंची न वाढणं, रक्त कमी असणं, सतत थकवा, चिडचिड. आपल्याकडे अशा मुलाला जंताचं औषध दिलं जातं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात, नाहीतर नजर काढली जाते. या मुलीची दोन वर्षं अशीच गेली. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची तपासणी करायला सांगितली आणि निदान झालं.

पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर रक्तातल्या खुणा कमी होत जातात आणि तपासणी चुकीची 'नाही' दाखवू शकते. आधी डॉक्टर, मग पथ्य.

या आजारावर आज गोळी नाही. औषध एकच : आयुष्यभर ग्लुटेन बंद. पण पथ्य नीट पाळलं तर आतडं भरून येतं आणि मूल इतरांसारखं वाढतं.

हे कारण कळलं कसं, ती हकिगत मुलांना फार आवडली. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. अशा आजारी मुलांना गहू बाधतो अशी शंका त्यांना आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. पुढे डिके यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि 1950 साली आपला प्रबंध मांडला. निरीक्षण म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

एक खुलासा. ग्लुटेन म्हणजे विष नव्हे. ज्यांना त्रास नाही त्यांनी पोळी सुखाने खावी. हल्ली शहरात 'ग्लुटेनमुक्त' ही फॅशन झाली आहे. आपल्या वर्गातल्या मुलीसाठी ती फॅशन नाही, औषध आहे. हा फरक मुलांनाही समजावून सांगावा.

२) स्कोन, शरद ऋतू आणि आपले घारगे

स्कोन हा मूळचा ब्रिटनमधला पदार्थ. पावापेक्षा घट्ट, बिस्किटापेक्षा मऊ. यीस्ट लागत नाही, पीठ तासन्‌तास फुगवायला ठेवावं लागत नाही. पिठात थंड लोणी चोळायचं, दूध किंवा ताक घालून हलक्या हाताने गोळा करायचा, जाडसर थापून कापायचं आणि भाजायचं. थंडीच्या तोंडावर त्यात लाल भोपळा आणि दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग असे उष्ण मसाले घालतात.

लाल भोपळा, गोडवा, जायफळ. ओळखीचं वाटतंय ना? मुलांना विचारलं तर एकीने लगेच सांगितलं, "सर, हे तर घारग्यासारखं झालं!" बरोबर आहे. भोपळा किसून गुळात शिजवायचा, पीठ मळायचं, वेलदोडा घालायचा. आपण तळतो, ते भाजतात. स्कोन म्हणजे परदेशातला लांबचा भाऊच.

ऋतूंचा घोळ इथेच सोडवता येतो. 'ऑटम' या शब्दाचा अर्थ मुलं 'पानगळ' असा पाठ करतात. पण आपल्याकडे पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात होते. तिकडचा ऑटम येतो सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे साधारण आपल्या आश्विन-कार्तिकात. तेव्हा आपल्याकडे शरद ऋतू असतो. झाडं हिरवी असतात, सोयाबीनची काढणी चालू असते, कापूस फुटलेला असतो, रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते आणि नवरात्र, कोजागरी, दिवाळी ओळीने येतात. महिने तेच, निसर्ग वेगळा. फळ्यावर दोन रकाने करून 'त्यांचा ऑक्टोबर' आणि 'आपला ऑक्टोबर' लिहून घेतला, तर पाऊण तास कसा जातो कळत नाही.

मसाल्यांवरून वनस्पतीचे अवयवही शिकवून झाले. दालचिनी म्हणजे झाडाची साल. लवंग म्हणजे न उमललेली कळी. जायफळ म्हणजे बी. वेलदोडा म्हणजे फळ, त्यात बिया. सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं, म्हणजे जमिनीखालचं खोड. मुलं आल्याला हमखास मूळ म्हणतात. त्याच्यावरचे डोळे दाखवले, एक तुकडा कुंडीत लावला आणि कोंब आल्यावर वाद मिटला.

३) प्रयोग : कणीक धुऊन पाहणे

गव्हाऐवजी ज्वारी वापरायची ठरवलं. ज्वारी आपली. जालन्याच्या दगडी ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ज्वारीत ग्लुटेन नसतं. पण ग्लुटेन नसतं म्हणजे पिठात नेमकं काय नसतं? हे हाताने कळावं म्हणून हा प्रयोग केला.

साहित्य : दोन पातेली, पाणी, एक मूठ गव्हाचं पीठ, एक मूठ ज्वारीचं पीठ.

दोन्ही पिठांचे घट्ट गोळे मळून 15 मिनिटं झाकून ठेवले. मग एकेक गोळा पाण्यात धरून हळूहळू चोळत धुतला. गव्हाच्या गोळ्यातून पांढरं पाणी निघत राहिलं, तो पिठातला स्टार्च. पाणी बदलत गेलो. शेवटी हातात च्युइंग गमसारखा चिवट, ताणला जाणारा लगदा उरला. तेच ग्लुटेन. ज्वारीचा गोळा मात्र पाण्यात विरघळून गेला, हातात काहीच राहिलं नाही.

याच कारणाने पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. गव्हाच्या पिठात ग्लुटेनची जाळी तयार होते, ती ताणली जाते, फुगताना हवा धरून ठेवते. ज्वारीत ती जाळी नाही. म्हणून आपल्या आया-आज्या पिठात उकळतं पाणी, म्हणजे आधण घालतात. गरम पाण्याने ज्वारीतला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी मोडत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरीला चिरा पडतात. हे शास्त्र आपल्या चुलीपाशी कितीतरी पिढ्या चालत आलेलं आहे, फक्त कुणी त्याला शास्त्र म्हटलं नाही.

सावधगिरी : हा प्रयोग आम्ही मैदानात हापश्यापाशी केला. गव्हाचा गोळा फक्त चार मुलांनी हाताळला आणि ती मुलगी ज्वारीच्या गटात लांब बसली. कारण गव्हाचं पीठ हवेत उडतं आणि नाकातोंडात जातं. प्रयोग झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुतले. धुतलेलं पाणी झाडांना घातलं.

४) माझा पहिला घाणा आणि माझी चूक

प्रयोग झाल्यावर मला हुरूप आला. रविवारी घरी ज्वारीचे स्कोन करायला बसलो. बायको आणि आई दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हसत होत्या. पहिला घाणा दगड झाला. आई म्हणाली, "हे पोरांना देऊ नको, दात पडतील." दुसरा घाणा हात लावताच भुगा. मग आईनेच विचारलं, "भाकरीला आधण घालतोस, याला काय घातलंस?" पिठाला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. शोधता शोधता उत्तर मेडिकलच्या दुकानात सापडलं : इसबगोल. पाणी लागलं की ते बुळबुळीत, चिकट होतं आणि ग्लुटेनच्या जाळीचं थोडंफार काम करतं. तिसरा घाणा जमला. वरून खुसखुशीत, आतून मऊ, घरभर जायफळाचा वास.

सोमवारी चार स्कोन डब्यात घेऊन मी शाळेआधी त्या मुलीच्या घरी गेलो. मोठ्या अभिमानाने डबा पुढे केला. तिच्या आईने डबा घेतला, पण उघडला नाही. विचारलं, "सर, पीठ कुठल्या गिरणीतलं हाय?"

मी म्हणालो, "गावातल्याच. पण ज्वारीचंच आहे ताई, गहू अजिबात नाही."

त्या म्हणाल्या, "सर, त्या गिरणीत तुमच्या आधी कुणाचे गहू दळले आसतील. जात्याला पीठ राहतंच. तिला तेवढ्यानं बी तरास व्हतो."

मला काय बोलावं सुचेना. चार दिवस मी वर्गात ग्लुटेन शिकवत होतो आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती मुलगी दारात उभी राहून डब्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला नाही. आठ वर्षांच्या पोरीला जे कळत होतं ते तिच्या सरांना कळलं नव्हतं.

त्यांनी मला घरात नेऊन सगळं दाखवलं. आधी आजी जात्यावर दळायची, आता त्यांनी घरघंटी घेतली आहे आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत. मुलीचा तवा वेगळा, चाळणी वेगळी, परात वेगळी. लाकडी पोळपाटाच्या भेगांत कणीक अडकते म्हणून तिची भाकरी स्टीलच्या परातीतच थापतात. भाकऱ्या आधी, पोळ्या नंतर. डब्याच्या झाकणावर लाल दोरा बांधलेला. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही तो डबा ओळखता यावा म्हणून.

"पथ्याचं काय न्हाई सर," त्या म्हणाल्या, "लोकायला सांगायचं अवघड हाय. सत्यनारायणाचा शिरा घेतला न्हाई तर म्हणत्यात, प्रसादाला न्हाई म्हणू नये."

त्या बोलण्याने मी घरी गेल्यावर बराच वेळ वहीत टिपणं काढत बसलो. खालची कृती त्या दोघींच्या, म्हणजे त्या ताईंच्या आणि माझ्या आईच्या, सल्ल्याने पक्की केलेली आहे.

५) ज्वारीचे भोपळ्याचे स्कोन (8 नग)

साहित्य :
• ज्वारीचं ताजं पीठ : 150 ग्रॅम
• तांदळाचं पीठ : 50 ग्रॅम
• कॉर्नफ्लोअर (मक्याचा पांढरा स्टार्च) : 30 ग्रॅम
• इसबगोल : 1 मोठा चमचा
• बेकिंग पावडर : अडीच चहाचे चमचे
• मीठ : पाव चमचा
• सुंठ पूड : अर्धा चमचा
• दालचिनी पूड : अर्धा चमचा
• वेलदोडे : 3, लवंग : 1, जायफळ : चिमूटभर किसून
• थंड, घट्ट लोणी : 60 ग्रॅम
• लाल भोपळ्याचा वाफवून कुस्करलेला गर : 100 ग्रॅम
• बारीक चिरलेला गूळ : 50 ग्रॅम
• घट्ट दही : 4 मोठे चमचे
• लागलंच तर दूध : 1-2 चमचे

कृती :
1. भोपळा पाणी न घालता वाफवा. गर गरम असतानाच त्यात गूळ विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गर गरम राहिला तर लोणी वितळतं आणि स्कोन बसतात.
2. सगळी पिठं, इसबगोल, बेकिंग पावडर, मीठ आणि मसाले एकत्र करून दोनदा चाळा. चाळणीत इसबगोल अडकला तर तो वरून मिसळा.
3. लोण्याचे लहान तुकडे करून बोटांच्या टोकांनी पिठात चोळा. जाडसर कण्यांसारखं दिसलं की थांबा. तळहात वापरू नका, त्याच्या उबेने लोणी वितळतं.
4. दही भोपळ्याच्या गरात मिसळून पिठात घाला. हलक्या हाताने गोळा करा. भाकरीसारखं मळायचं नाही. गोळा थोडा ओलसर, चिकट असला पाहिजे.
5. 20 मिनिटं झाकून ठेवा. या वेळात इसबगोल पाणी शोषतो. ही पायरी गाळली की भुगा होतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.
6. तोवर जाड बुडाच्या कढईत अर्धा किलो मीठ पसरून त्यावर जाळी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर 10-15 मिनिटं तापवा.
7. स्टीलच्या ताटलीला लोणी लावा. गोळा दोन ते अडीच सेंटिमीटर जाड थापा. सुरीने आठ सारखे त्रिकोण कापून थोडे थोडे लांब ठेवा. वरून दूध लावा.
8. ताटली जाळीवर ठेवा, झाकण लावा, मध्यम ते मंद आचेवर 30 ते 35 मिनिटं भाजा. मधोमध काडी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. कढईत वरची बाजू गोरीच राहते. रंग हवा असेल तर शेवटी तव्यावर दोन मिनिटं उलटे ठेवा. ओव्हन असेल तर 200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं पुरतात.
9. 10 मिनिटं गार होऊ द्या. गरमागरम मोडले तर आतून गिच्च लागतात.

ज्वारीचे स्कोन त्याच दिवशी चांगले. दुसऱ्या दिवशी घट्ट होतात, तेव्हा तव्यावर झाकण ठेवून गरम करावेत.

बाजारातून आणताना : अख्खा मसाला आणून घरी कुटा. बेकिंग पावडर आणि कॉर्नफ्लोअरच्या डब्यावरचे घटक वाचा, काही बेकिंग पावडरमध्ये गव्हाचा स्टार्च असू शकतो. डब्यावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं असेल तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

६) गणिताचा तास

आठ स्कोनची कृती फळ्यावर लिहिली आणि विचारलं, आपण चोवीस जण, मग किती पट? 24 भागिले 8, म्हणजे 3. मग प्रत्येक गटाने एकेक वस्तू काढली. ज्वारी 450 ग्रॅम, तांदूळ 150, कॉर्नफ्लोअर 90, लोणी 180, भोपळा 300, गूळ 150. बेकिंग पावडरचे अडीच चमचे तिप्पट केल्यावर साडेसात होतात, इथे बऱ्याच मुलांची गाडी अडली. चमचे प्रत्यक्ष मोजून दाखवले तेव्हा सुटली.

गोल थापलेल्या पिठाचे आधी दोन, मग चार, मग आठ सारखे भाग करताना अपूर्णांक डोळ्यांसमोर उभा राहतो. मोठ्या वर्गांसाठी : एका किलोत मिलिग्रॅम किती? दहा लाख. दहा लाखांत फक्त 20 चालतात, हे कळल्यावर 'चिमूटभराने काय होतंय' असं कुणी म्हणत नाही.

७) शाळेत प्रत्यक्ष

कोजागरीनंतरच्या शनिवारी आम्ही स्कोन केले. ज्वारी आणि तांदळाचं पीठ त्या ताईंच्या घरघंटीतलं. परात, चाळणी, ताटल्या त्यांच्याच घरच्या. मुलांनी साबणाने हात धुऊन मोजमाप केलं, मसाला कुटला, पीठ चोळलं. गॅसजवळ फक्त मी आणि ताई. दोन कढयांत दोन फेऱ्यांत चोवीस झाले.

पहिला स्कोन कुणाला द्यायचा, हे मी ठरवलं नव्हतं. वर्गाच्या मॉनिटरने ताटली उचलली आणि सरळ मागच्या बाकाकडे नेली. तिने आधी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग तिने खाल्ला. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, अजून एक हाय का?" वर्गात वाटलेल्या खाऊतलं तिने दुसऱ्यांदा मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझा मी तिला दिला.

८) शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं

काय चालतं : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी. दळण वेगळं असलं तरच.

काय चालत नाही : पोळी, पाव, बिस्किट, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई, जव.

जिथे फसगत होते :
• खपली गहू : 'जुना गहू, पचायला हलका' म्हणून लोक देतात. तोही गहूच, त्यात ग्लुटेन असतं.
• सातूचं पीठ : त्यात गहू किंवा जव असतो.
• हिंग : बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. खिचडीच्या फोडणीत तो पडतो. पाकीट वाचावं, नाहीतर हिंग वगळावा.
• थालीपिठाची भाजणी : तिच्यात गहू असतो. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण विचारून घ्यावं.
• तळणाचं तेल : ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तळलेला पापड चालत नाही.

दिवाळीच्या फराळात अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा (हिंग बघून) चालतात. करंजी, शंकरपाळे, रव्याचे लाडू चालत नाहीत. मुलाच्या ताटात काय नाही याची यादी मोठी वाटते, पण काय आहे याची यादीही काही लहान नाही. आपल्या मराठवाड्यात तर एक-दोन पिढ्यांपूर्वी भाकरी हेच रोजचं जेवण होतं, पोळी सणासुदीला.

वर्गात आम्ही तीन नियम केले. एक, वाढदिवसाला बिस्किटाऐवजी केळी, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे सगळ्यांना खाता येईल असं. दोन, डबा एकत्र बसून खायचा, पण एकमेकांच्या डब्यात हात घालायचा नाही. तीन, कुणी 'नको' म्हटलं तर आग्रह नाही आणि चेष्टाही नाही. तिसरा नियम मुलांपेक्षा मोठ्यांना जड जातो.

आणखी एक. मूल 'मला भूक नाही' असं रोज म्हणत असेल, तर त्याचं कारण एकदा शांतपणे विचारा. मी दोन वर्षं विचारलं नव्हतं.

९) स्वाध्याय

1. घरातल्या आजीला किंवा आईला विचारा : पूर्वी रोज काय खात होते आणि सणाला काय? पाच वाक्यं लिहा.
2. मसाल्याच्या डब्यातल्या कोणत्याही सहा वस्तू घ्या. प्रत्येक वस्तू वनस्पतीचा कोणता अवयव आहे ते लिहा.
3. घरातल्या तीन पाकिटांवरचे घटक वाचा. कशात गहू किंवा मैदा आहे?
4. भाकरी आणि पोळी करताना काय काय फरक दिसतात? त्यांची कारणं वर्गात चर्चा करून लिहा.
5. 8 स्कोनना 60 ग्रॅम लोणी लागतं, तर 20 स्कोनना किती लागेल? (मोठ्या वर्गांसाठी)
6. तुमच्या मित्राला एखादा पदार्थ चालत नाही. त्याच्यासाठी वाढदिवसाचा खाऊ ठरवा आणि का निवडला ते सांगा.

यंदाही शरद आला की आम्ही हा उपक्रम घेणार आहोत. या वेळी भोपळा शाळेच्या परसबागेतला असेल, वेल आत्ताच कुंपणावर चढला आहे. तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल तर आधी त्याच्या आईशी बोला, मग कढई चढवा. आणि पीठ कुठल्या गिरणीतलं आहे, हे विचारायला विसरू नका.